लॅपटॉपचा ताप कोण सांगणार? लिनक्सवरील तापमान-सेन्सरांचा आढावा, ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यातून

मे-जूनमध्ये ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. लॅपटॉप बनवणाऱ्या अनेक कंपन्या मात्र माहितीपुस्तिकेत वापरासाठी ५ ते ३५ अंश सेल्सिअस हवेची मर्यादा छापतात. एसी नसलेल्या घरात एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत दुपारी सुरू असलेला लॅपटॉप बहुधा या मर्यादेबाहेरच चालत असतो. यंत्र आतून किती तापले आहे हे कळणे अशा शहरात रोजच्या गरजेचे होते. लिनक्सवर त्यासाठी ‘सेन्सर्स’ ही साधी कमांड आहे. ती चालवली की कुणाला काहीच दिसत नाही, कुणाला एकच ओळ दिसते, तर कुणाला बाहेर लू वाहत असताना यंत्र वीस अंशांवर असल्याचे वाचायला मिळते.

या विषयावरचे बहुतेक मार्गदर्शन ‘सेन्सर सापडत नाही’ या तक्रारीपासून सुरू होते आणि पडद्यावर आकडा उमटला की संपते. प्रत्यक्षात प्रश्न तीन आहेत. सेन्सर यंत्रात आहे का? कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या मूळ भागाला, त्याच्याशी बोलता येते का? आणि जो आकडा मिळतो तो खरोखर तापमान आहे का? पहिल्या दोहोंवर गेल्या पंचवीसहून अधिक वर्षांत भरपूर काम झाले. तिसरा वापरणाऱ्यावर सोडलेला आहे, आणि उष्ण शहरात नुकसान होते ते तिसऱ्यापायी.

हा प्रश्न इथे कोणाचा?

ग्वाल्हेर हे तंत्रशिक्षणाचे जुने गाव आहे. जिवाजीराव शिंदे यांनी १९५७ साली सुरू केलेली माधव इन्स्टिट्यूट, १९९७ साली आलेली आणि पुढे अटल बिहारी वाजपेयींचे नाव लाभलेली माहिती तंत्रज्ञान व व्यवस्थापन संस्था, शिवाय जिवाजी विद्यापीठ आणि त्याला जोडलेली महाविद्यालये असा मोठा विद्यार्थीवर्ग इथे आहे. शहराच्या लष्कर या भागातल्या जुन्या मराठी घरांतली मुलेही याच वर्गात शिकतात. राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत ७५ टक्के किंवा जास्त गुण मिळवणाऱ्यांना मध्य प्रदेश सरकार लॅपटॉपसाठी २५,००० रुपये देते. या रकमेत एकतर सेलेरॉन किंवा पेंटियमवर्गातला नवा लॅपटॉप येतो, नाहीतर कुठल्याशा कार्यालयातून निघालेला, दुरुस्त करून विकलेला जुना. विंडोज जड वाटू लागली की अशा यंत्रांवर उबुंटू किंवा मिंट बसवले जाते.

दोन्ही प्रकारच्या यंत्रांच्या अडचणी वेगळ्या. स्वस्त नव्या लॅपटॉपमध्ये पुष्कळदा पंखाच नसतो. धातूच्या पट्टीतून उष्णता बाहेर जाते. तिथे पंख्याची गती दिसत नाही याचा अर्थ बिघाड नव्हे. जुन्या कार्यालयीन लॅपटॉपमध्ये पंखा असतो, पण त्याच्या जाळीत धूळ बसलेली असते आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलेली असते. त्यात ग्वाल्हेरचा उन्हाळा कोरडा आणि धुळीचा. दुकानात यंत्र दाखवले की कारागीर विंडोजचे एखादे साधन चालवून तापमान पाहतो. लिनक्स असले की तेही होत नाही आणि ‘सेन्सर खराब है’ असा निकाल मिळतो. तो निकाल सहसा चुकीचा असतो. तापमानाचा सेन्सर हा प्रोसेसरच्याच सिलिकॉनमध्ये कोरलेला असतो. तो एकटा खराब होऊन बाकी प्रोसेसर धडधाकट चालणे ही विरळा गोष्ट आहे. सेन्सर न दिसण्याची कारणे सॉफ्टवेअरमध्ये शोधावी लागतात.

एका चिपपासून सुरुवात

१९९० च्या दशकात नॅशनल सेमीकंडक्टर या कंपनीच्या एलएम७८ आणि एलएम७५ या चिप मदरबोर्डांवर आल्या. पहिली चिप व्होल्टेज, पंखे आणि तापमान तिन्हींवर लक्ष ठेवी. दुसरी फक्त तापमान मोजे. लिनक्ससाठी त्या वाचणारा प्रकल्प १९९८ मध्ये आकाराला आला आणि चिपांच्या नावावरूनच ‘एलएम-सेन्सर्स’ म्हणून ओळखला जाऊ लागला. फ्रोडो लोयार्ड आणि फिलिप एडलब्रॉक हे त्याच्या सुरुवातीच्या शिलेदारांपैकी. पुढे ज्याँ देल्वार यांनी प्रकल्प अनेक वर्षे सांभाळला आणि कर्नलमधला हार्डवेअर-देखरेखीचा विभाग गुंटर रोएक यांच्याकडे आला. मूळ चिप बनवणारी कंपनी २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने विकत घेतली. प्रकल्पाचे नाव मात्र तेच राहिले.

सुरुवातीला हे ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर होते आणि जो तो वेगळ्या पद्धतीने आकडे दाखवी. २००३ अखेरीस आलेल्या २.६ कर्नलबरोबर चित्र बदलले. ‘सिस’ या आभासी फोल्डरात प्रत्येक सेन्सरचा आकडा एका साध्या फाइलीत, अंशाच्या हजाराव्या भागात मिळू लागला. ४५००० म्हणजे ४५ अंश. २००७ मध्ये आलेल्या एलएम-सेन्सर्सच्या तिसऱ्या आवृत्तीने एकेका चिपची माहिती स्वतःकडे ठेवणे सोडले; कर्नल जे दाखवेल ते वाचायचे, इतकेच काम उरले. म्हणून आज ‘सेन्सर्स’ कमांड काही दाखवत नसेल तर दोष त्या कमांडमध्ये शोधू नये. कर्नलनेच तिला काही दिलेले नसते.

याच इतिहासात एक अपघातही आहे, आणि आजची सावधगिरी त्यातून आली. एलएम-सेन्सर्सबरोबर ‘सेन्सर्स-डिटेक्ट’ नावाची शोधस्क्रिप्ट येते. मदरबोर्डवरच्या छोट्या संदेशवाहिनीवर एकेका पत्त्याला ती हाक मारते आणि कोण उत्तर देते ते पाहते. आयबीएमच्या काही जुन्या थिंकपॅडांत याच वाहिनीवर एक वेगळ्या धाटणीची स्मृतिचिप होती. तपासणीची हाक तिला लिहिण्याची आज्ञा वाटली, आतला मजकूर बिघडला आणि लॅपटॉप सुरू होईनासे झाले. मदरबोर्ड बदलण्यापर्यंत पाळी आली. त्यानंतर संबंधित ड्रायव्हरमध्ये आयबीएमचे यंत्र ओळखले की कामच नाकारण्याची तरतूद झाली. शोधस्क्रिप्ट आजही प्रत्येक पायरीवर परवानगी मागते ती यामुळे. धोक्याच्या तपासणीपुढे तिचे सुचवलेले उत्तर ‘नाही’ असते. ते बदलण्याचे कारण लॅपटॉपवर सहसा नसते.

सेन्सर असतात कुठे?

डेस्कटॉपवर एक ‘सुपर आय-ओ’ चिप असते. मदरबोर्ड, पंखे आणि व्होल्टेज यांची खबर तिच्याकडे मिळते आणि तिचे ड्रायव्हर लिनक्समध्ये बहुधा तयार असतात. लॅपटॉपची रचना निराळी आहे. तिथे माहिती चार-पाच ठिकाणी विखुरलेली असते आणि प्रत्येक ठिकाणची किल्ली वेगळ्याच्या हाती असते.

पहिले ठिकाण प्रोसेसर. इंटेलच्या कोअर पिढीपासून प्रत्येक गाभ्यात डिजिटल सेन्सर असतो आणि तो ‘कोअरटेम्प’ या ड्रायव्हरने वाचला जातो. आपल्यात असा सेन्सर आहे हे इंटेलचा प्रोसेसर स्वतःच एका खुणेने जाहीर करतो, त्यामुळे नवा प्रोसेसरही जुन्या कर्नलवर बहुधा ओळखला जातो. एएमडीचे तसे नाही. तिथला ‘के१०टेम्प’ ड्रायव्हर प्रोसेसरचा ओळखक्रमांक पाहून काम करतो, म्हणून प्रत्येक नव्या पिढीचा क्रमांक कर्नलमध्ये घालावा लागतो. पहिल्या रायझनसाठी हा आधार २०१८ च्या जानेवारीत आलेल्या ४.१५ कर्नलमध्ये मिळाला. नव्या रायझन लॅपटॉपवर जुने, दीर्घ मुदतीचे लिनक्स बसवले आणि प्रोसेसरचे तापमान दिसले नाही, तर पहिला संशय कर्नलच्या वयावर घ्यावा.

दुसरे ठिकाण लॅपटॉपच्या फर्मवेअरचे. पंखा, बॅटरी, झाकण, कीबोर्ड यांची व्यवस्था पाहणारा एक छोटा नियंत्रक मदरबोर्डवर असतो. कवचाचे, चार्जिंग भागाचे, कधी ग्राफिक्सचेही तापमान त्यालाच ठाऊक असते. त्याच्याशी कसे बोलायचे हे प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठरवते आणि सहसा सांगत नाही. थिंकपॅडसाठी ‘थिंकपॅड-एसीपीआय’, डेलसाठी पूर्वी ‘आय८के’ म्हणवला जाणारा ड्रायव्हर, एचपी आणि असूससाठी त्यांच्या डब्ल्यूएमआय पद्धतीचे ड्रायव्हर हे सगळे लोकांनी शोधून, ताडून, वर्षानुवर्षे जुळवत आणलेले आहेत. कंपन्यांची मदत मिळाली ती बरीच उशिरा आणि सगळीकडे नाही. स्वस्त मालिकांच्या वाट्याला बरेचदा असा ड्रायव्हरच येत नाही. ड्रायव्हर तयार करणाऱ्यांकडे मोठ्या कंपन्यांचे महाग मॉडेल असते, २५,००० रुपयांचे नसते. ग्वाल्हेरच्या विद्यार्थ्याला ही उणीव अधिक जाणवते ती यामुळेच.

तिसरे ठिकाण साठवणीचे. एनव्हीएमई डिस्कचे तापमान २०२० च्या आरंभी आलेल्या ५.५ कर्नलपासून थेट दिसते. साटा डिस्कसाठी ‘ड्राइव्हटेम्प’ हा ड्रायव्हर त्याच्या पुढच्याच, ५.६ कर्नलमध्ये आला. मात्र तो आपोआप सुरू होत नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये साटा एसएसडी घातली आणि तापमान दिसत नाही ही तक्रार त्या ड्रायव्हरचे मॉड्यूल नाव घेऊन चढवल्यावर बहुधा मिटते. त्याआधी लोक ‘एचडीडीटेम्प’ हे वेगळे साधन वापरत. जुन्या लेखांत अजून तेच सांगितलेले सापडते.

बाकीची ठिकाणे थोडक्यात. एएमडीचे ग्राफिक्स आपले तापमान थेट देते. एनव्हिडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर ते ‘सेन्सर्स’मध्ये येत नाही, कंपनीच्या वेगळ्या कमांडने पाहावे लागते. इंटेलचे अंगभूत ग्राफिक्स प्रोसेसरच्याच तुकड्यावर असल्याने त्याची वेगळी ओळ न दिसणे स्वाभाविक आहे. डीडीआर५ स्मृतिपट्टीतल्या सेन्सरचा ड्रायव्हर २०२४ च्या सप्टेंबरमधल्या ६.११ कर्नलमध्ये आला. वायफाय कार्डही तापमान सांगते, पण ते बंद असेल तर आकड्याच्या जागी ‘उपलब्ध नाही’ अशी खूण दिसते. झोपवलेल्या ग्राफिक्स चिपचेही तसेच. या खुणेला बिघाड समजू नये.

न सापडण्याची खरी कारणे

सर्वांत साधे कारण सर्वांत जास्त वेळ खाते: लिनक्स थेट यंत्रावर चालतच नसते. विंडोजमध्येच डब्ल्यूएसएल किंवा व्हर्च्युअलबॉक्समध्ये लिनक्स उघडण्याची पद्धत महाविद्यालयांत रूढ आहे. आभासी यंत्राला आभासी हार्डवेअर मिळते आणि त्यात तापमानाचा सेन्सर नसतो. तिथे कोणतीही शोधस्क्रिप्ट कितीही वेळा चालवली तरी हाती काही लागणार नाही.

दुसरे कारण न चढलेले मॉड्यूल. सेन्सर्स-डिटेक्ट शेवटी कोणती मॉड्यूले हवीत ते सांगते आणि ती सुरुवातीच्या यादीत लिहू का असे विचारते. घाईत एंटर दाबले तर ती यादीत जात नाहीत. तेव्हा आकडे दिसले तरी पुढच्या वेळी नाहीसे होतात. तिसरे कारण कर्नलचे वय, ज्याचा उल्लेख वर आला. चौथे, सुरक्षित बूट. तो चालू असेल तर अनेक वितरणांत कर्नल कुलूपबंद अवस्थेत जातो. मग प्रोसेसरच्या नोंदी किंवा पोर्ट थेट वाचू पाहणाऱ्या साधनांना मज्जाव होतो, आणि बाहेरून बनवलेले, सही नसलेले मॉड्यूल चढत नाही. यात कर्नलबरोबर आलेले कोअरटेम्पसारखे ड्रायव्हर अडत नाहीत. म्हणून नुसत्या तापमानासाठी सुरक्षित बूट बंद करण्याचा सल्ला सरसकट देणे बरोबर नाही.

पाचवे कारण फर्मवेअर आणि ड्रायव्हर यांच्या मालकीच्या वादाचे. एखादी चिप आपल्या वापरात आहे असे फर्मवेअरने एसीपीआयच्या (ऑपरेटिंग सिस्टीमला हार्डवेअरची माहिती देण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या) तक्त्यात लिहिले असेल, तर २.६.३१ पासून कर्नल त्या चिपचा लिनक्स ड्रायव्हर चढू देत नाही आणि नोंदवहीत संसाधनाचा संघर्ष झाल्याची ओळ लिहितो. हे बंधन सैल करण्याचा एक बूट-पर्याय आहे आणि तो बिनदिक्कत सुचवला जातो. डेस्कटॉपवर तो बऱ्याचदा निभावतो. लॅपटॉपवर त्याचा अर्थ असा की पंखा चालवणारे फर्मवेअर आणि तापमान वाचणारा ड्रायव्हर एकाच चिपच्या नोंदी एकाच वेळी फिरवू लागतात. एकाने मागितलेला आकडा दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो आणि पंख्याचा वेग चुकीच्या तापमानावर ठरू शकतो. ४५ अंशांच्या दुपारी असा प्रयोग करू नये.

सहावे कारण म्हणजे खरोखरच वाट नसणे. सेन्सर्स-डिटेक्ट काही सापडले नाही तर शेवटी सांगते की लॅपटॉपवर हे नेहमीचे आहे, कारण तिथे उष्णतेची व्यवस्था फर्मवेअरकडे असते. हे वाक्य वाचून पुष्कळजण निराश होतात. त्याचा अर्थ एवढाच की वेगळी देखरेख-चिप मिळाली नाही. प्रोसेसर, डिस्क आणि ग्राफिक्स यांचे आकडे तरीही हाताशी असतात, आणि रोजच्या गरजेला ते पुरतात.

आकडा दिसला, पुढे काय?

एसीपीआयचा ‘थर्मल झोन’ फर्मवेअरला तापमान विचारतो, तेव्हा उत्तर केल्व्हिनच्या दशांशात येते. ३१८२ म्हणजे ४५ अंश सेल्सिअस. हे उत्तर देणारी ओळ फर्मवेअर लिहिणाऱ्याने कशी लिहिली यावर सगळे अवलंबून. काही यंत्रांवर तिच्यात खऱ्या सेन्सरऐवजी एक कायमची संख्या घातलेली असते. यंत्र तापो वा निवो, आकडा २७.८ किंवा २९.८ वरून हलत नाही. फर्मवेअरने शून्य दिले तर लिनक्स उणे २७३ अंश दाखवते.

याहून बोलके उदाहरण कर्नलमध्येच आहे. इंटेलच्या लॅपटॉपांवर थर्मल झोनांच्या यादीत ‘आयएनटी३४००’ नावाचा एक झोन दिसतो आणि तो सदैव २० अंश सांगतो. त्यामागे सेन्सर नाहीच. उष्णतेची धोरणे निवडण्यासाठी तो झोन लागतो आणि झोन म्हटला की तापमान द्यावे लागते, म्हणून २० अंशांचा बनावट आकडा ठेवल्याची टीप ड्रायव्हरच्या कोडमध्ये लेखकांनी उघडपणे दिली आहे. पडद्यावरच्या छोट्या तापमान-पट्टीने मात्र यादीतला हाच पहिला झोन उचलला, तर वापरणारा निर्धास्त राहतो.

इथे ग्वाल्हेरचा उन्हाळा उपयोगी पडतो. पंख्याने किंवा धातूच्या पट्टीने थंड होणारी वस्तू भोवतालच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. त्याला फ्रिजसारखी यंत्रणा लागते आणि ती लॅपटॉपमध्ये नसते. खोली ४० अंशांवर असताना, तासभर त्याच खोलीत असलेल्या लॅपटॉपचा एखादा सेन्सर २० किंवा २७.८ सांगत असेल, तर तो खोटा आहे हे तिथल्या तिथे सिद्ध होते. पुण्या-नाशिकच्या सौम्य हवेत २७.८ हा आकडा वर्षाचा बराच काळ खपून जातो. नुकत्याच सुरू केलेल्या यंत्राचे तापमान तेवढे असणे तिथे अगदी शक्य वाटते. ग्वाल्हेरमध्ये जूनची दुपार त्याला उघडे पाडते. एक पथ्य मात्र पाळावे: तुलना खोलीच्या हवेशी करावी, हवामान खात्याच्या आकड्याशी नव्हे. पाण्याचा कूलर लावलेली खोली बाहेरच्यापेक्षा बरीच थंड असते.

ही कसोटी सरसकट लावण्यात एक गफलत आहे आणि ती समजून घ्यायला हवी. इंटेलचा सेन्सर मुळात थेट तापमान सांगत नाही. कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत एवढेच तो सांगतो. ती मर्यादा, म्हणजे टीजेमॅक्स, बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांत १०० किंवा १०५ अंश असते. कोअरटेम्प तिच्यातून हे अंतर वजा करून तापमान काढतो. काही जुन्या प्रोसेसरांत ही मर्यादा वाचता येत नाही, तेव्हा ड्रायव्हर अंदाज बांधतो. अंदाज दहा अंशांनी चुकला तर सगळे आकडे दहा अंशांनी चुकतात. शिवाय हे सेन्सर मर्यादेजवळ नेमके असावेत असे घडवलेले असतात, थंड टोकाला त्यांची अचूकता घटते. म्हणून निवांत प्रोसेसर खोलीपेक्षा दोन-तीन अंश थंड दिसला तर त्याला खोटा ठरवू नये. तोच सेन्सर ९० अंशांना विश्वासू असतो. एएमडीची गोष्ट आणखी वेगळी. ‘टीसीटीएल’ नावाने दिसणारा आकडा हे भौतिक तापमान नसून पंख्याचे नियंत्रण करण्यासाठी ठरवलेली मोजपट्टी आहे, असे कंपनीच्या दस्तऐवजातच म्हटले आहे. पहिल्या पिढीच्या काही डेस्कटॉप रायझनमध्ये ती खऱ्या तापमानापेक्षा २० अंशांनी चढी ठेवलेली होती. काही जुन्या एएमडी प्रोसेसरांत तर सेन्सर सदोष असल्याचे कंपनीने मान्य केले आहे आणि तिथे के१०टेम्प जबरदस्ती केल्याशिवाय चढतच नाही. सेन्सर यंत्रात असूनही ड्रायव्हरने तो लपवणे योग्य ठरते, असे हे उदाहरण.

तेव्हा एकाच आकड्यावरून निकाल देता येत नाही. त्याची चाल पाहावी लागते. दोन-तीन मिनिटे प्रोसेसरवर पूर्ण भार टाकला की गाभ्यांचे तापमान सेकंदाभरात उसळायला हवे आणि भार काढताच तितक्याच झटकन खाली यायला हवे. डिस्कचे सावकाश चढते. कवचाजवळचा सेन्सर त्याहून सावकाश. भार असो वा नसो, जो हलत नाही तो कामाचा नाही. जो उलट दिशेने हलतो त्याचे नाव चुकले असण्याची शक्यता अधिक.

तपासाचा क्रम

एवढ्यावरून एक क्रम मांडता येतो. आधी लिनक्स थेट यंत्रावर चालते आहे याची खात्री करावी. मग काहीही बसवण्याआधी ‘सिस’मधील ‘क्लास’ आणि त्यातील ‘एचडब्ल्यूमॉन’ फोल्डर उघडून प्रत्येक उपफोल्डरातली ‘नेम’ ही फाइल वाचावी. कोअरटेम्प किंवा के१०टेम्प हे नाव तिथे असेल तर कर्नलने आपले काम केले आहे. आकडा दिसत नसेल तर दोष दाखवणाऱ्या साधनाचा. हे फोल्डर क्रमांकाने ओळखू नयेत. शून्य, एक, दोन हे क्रमांक दर वेळी यंत्र सुरू होताना बदलू शकतात आणि क्रमांक धरून लिहिलेली स्क्रिप्ट एके दिवशी प्रोसेसरऐवजी डिस्कचे तापमान दाखवू लागते.

नाव नसेल तर मॉड्यूल हाताने चढवून पाहावे आणि कर्नलची नोंदवही वाचावी. नकाराचे कारण तिथे सहसा लिहिलेले असते. त्यानंतर सेन्सर्स-डिटेक्ट, तेही सुचवलेली उत्तरे स्वीकारत. एवढ्याने भागले नाही तर ताज्या वितरणाचा पेनड्राइव्ह लावून, काहीही न बसवता, त्याच यंत्रावर पाहावे. तिथे सेन्सर दिसला तर जुना कर्नल हेच कारण. कर्नल वाढवला की काम झाले. तिथेही दिसला नाही तर कंपनीच्या खास ड्रायव्हरकडे वळावे आणि बायोसची नवी आवृत्ती आहे का ते पाहावे, कारण एसीपीआयच्या चुका तिथेच दुरुस्त होतात. शेवटी खोलीची तुलना आणि भाराची चाचणी. ही शेवटची पायरी वगळली तर आधीच्या सगळ्या व्यर्थ आहेत.

एकही सेन्सर मिळाला नाही तरी यंत्र जळेल अशी भीती बाळगायची गरज नाही. प्रोसेसर मर्यादेला पोचला की स्वतः वेग उतरवतो आणि फारच तापला तर यंत्र बंद पाडतो. हे संरक्षण हार्डवेअरमध्ये आहे, लिनक्सवर अवलंबून नाही. वेग किती वेळा उतरवावा लागला याची मोजणी इंटेलच्या प्रोसेसरांवर कर्नल ठेवतो. प्रत्येक गाभ्याच्या फोल्डरात ‘थर्मल-थ्रॉटल’ या नावाखाली ती मिळते. उन्हाळ्यात ही संख्या झपाट्याने वाढत असेल तर जाळी साफ करून पेस्ट बदलण्याची वेळ झाली, इतके निदान तापमानाचा एकही अंश न वाचता करता येते. उलट दिशेचा दोषही होतो. मदरबोर्डवरचा एखादा भाग सतत ‘तापलो’ असा खोटा संकेत पाठवत राहिला, तर थंड प्रोसेसरही सर्वांत कमी वेगावर अडकतो. ‘लिनक्समुळे लॅपटॉप मंद झाला’ या तक्रारीमागे कधीकधी हा संकेत असतो, आणि दुकानदाराचे ‘सेन्सर खराब’ हे निदान खरे ठरण्याची एक जागा हीच.

उरलेले काम

एकूण हिशेब मांडला तर प्रोसेसर, डिस्क आणि ग्राफिक्स यांचा प्रश्न बहुतांशी सुटला आहे. २०२० नंतरचे कर्नल असलेल्या लॅपटॉपवर हे तिन्ही आकडे न दिसणे हा अपवाद म्हणावा लागेल, एएमडीच्या ताज्या पिढ्या सोडून. फर्मवेअरच्या नियंत्रकाकडची माहिती मात्र अजून कंपन्यांच्या मुठीत आहे, आणि ती सुटण्याचा वेग यंत्राच्या किमतीप्रमाणे ठरतो. आकड्याच्या खरेपणाची तपासणी तर कुणाच्याच कामाच्या यादीत नाही. ड्रायव्हर फर्मवेअरवर विश्वास ठेवतो, कमांड ड्रायव्हरवर आणि पडद्यावरची पट्टी कमांडवर.

ग्वाल्हेरच्या तंत्रशिक्षण संस्थांना इथे करता येण्याजोगे एक साधे काम आहे. सरकारी रकमेतून घेतलेले लॅपटॉप दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांबरोबर वर्गात येतात. एखाद्या प्रयोगशाळेने जूनमध्ये आणि जानेवारीत, खोलीत साधा थर्मामीटर ठेवून, मॉडेलवार नोंद करावी: कोणता सेन्सर दिसतो, निवांत असताना किती, भाराखाली किती, खोलीशी जुळतो की नाही. एवढ्या तक्त्यातून स्वस्त यंत्रांचे खोटे झोन कोणते हे कळेल. त्यांना वगळण्याच्या ओळी एलएम-सेन्सर्सच्या मांडणी-फाइलीत लिहिता येतात आणि कर्नलच्या संबंधित विभागाकडे दुरुस्ती म्हणून पाठवताही येतात. असे बारीक काम तिथे स्वीकारले जाते. महागड्या मॉडेलांसाठी हे काम युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांनी केले. २५,००० रुपयांच्या लॅपटॉपसाठी ते जिथे हे लॅपटॉप वापरले जातात, तिथल्यांनाच करावे लागेल. त्यासाठी लागणारी ४५ अंशांची दुपार ग्वाल्हेरमध्ये फुकट मिळते. युरोपातल्या प्रयोगशाळेला ती पैसे मोजून निर्माण करावी लागते.